वाळूवरचे पाइन आणि खताचा हिशेब

खत घातले म्हणजे झाड वाढते, हा शेतकऱ्याचा साधा सिद्धान्त इमारती लाकडाच्या वनांना कितपत लागू पडतो हे ज्याला पारखून पाहावयाचे असेल, त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेडिएटा पाइनच्या लागवडीचे जुने दफ्तर उलगडावे. कारण झाडे लावून जंगल उभे करण्याचा उद्योग तेथील सरकारने १८७५-७६ च्या सुमारास आरंभिला आणि पुढल्या शंभर वर्षांत जमिनीने तेथील वनखात्याकडून आपली प्रत्येक थकबाकी वसूल करून घेतली.

हा वृक्ष मूळचा कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी किनाऱ्यावरचा. मायदेशी खुरटा आणि वाकडातिकडा, परक्या मुलखात मात्र विलक्षण उफाड्याचा. माउंट गॅम्बियरजवळच्या ज्वालामुखीच्या मातीत त्याने कोणाची निराशा केली नाही. परंतु प्राचीन वाळूच्या टेकाडांवर तोच वृक्ष लावला तेव्हा शेंड्याच्या सुया आखूड होऊन गुच्छासारख्या गोळा झाल्या, शेंडा वाळला, त्याच्या बगलेतून चार-दोन फांद्या एकदम शेंडेपणाचा दावा सांगत उठल्या, आणि ज्या खोडातून सरळ तुळई निघावयाची तेथे नुसते झुडूप उरले. याच दुखण्याचा शोध १९३० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वनखात्यातील स्टीफन केसेल आणि स्टोट घेत होते. त्यांच्या ध्यानी आले, की त्या वाळूत स्फुरद तर कमी होतेच, पण झाड खरोखर अडून बसले होते ते जस्तासाठी. जस्त लागते ते अत्यल्प. झिंक सल्फेटचे पातळ द्रावण सुयांवर फवारले, की नवा शेंडा हिरवागार निघे. जे उणे आहे तेवढेच पुरवावे, हा खतशास्त्राचा मुख्य नियम येथे जितक्या स्वच्छपणे दिसला तितका क्वचितच कोठे दिसला असेल.

न्यूझीलंडात ऑकलंडच्या वायव्येस असलेल्या रिव्हरहेडच्या वनाची गोष्ट निराळी. कौरी वृक्षांच्या पुरातन अरण्यांनी निःसत्त्व करून सोडलेली ती चिकणमाती. डिंक शोधणाऱ्यांनी खणून टाकलेली. तेथले पाइन पिवळे पडून विरळ झाले, तेव्हा १९५० नंतरच्या दशकात मेंढ्यांच्या कुरणांवर खत टाकण्यासाठी नुकतीच रुळलेली विमाने वनावर धाडून सुपर फॉस्फेट पसरण्यात आले आणि झाडांनी जी उभारी घेतली ती वर्षानुवर्षे टिकली. स्फुरदाचा हाच गुण: झाड ते शोषून घेते, गळलेल्या सुयांतून ते जमिनीस परत मिळते, आणि पुनः वर चढते. (ते सुपर फॉस्फेट बव्हंशी नाउरूसारख्या बेटांचा खडक खोदून बनत असे, एका बेटाची जमीन खरवडून दुसऱ्याची वने पोसली गेली, ही नोंद मात्र वनखात्याच्या जमाखर्चात सापडावयाची नाही.) नत्राचा स्वभाव उलटा. ते सुयांचा पसारा वाढविते, त्या जास्त प्रकाश पकडतात, खोड जाड होते. पण काही वर्षांत हा जोर ओसरतो, आणि छत्र आधीच दाट झालेल्या वनात तर तो फारसा दिसतच नाही. म्हणून विरळणी करून जागा मोकळी झाली म्हणजे नत्र द्यावे, अशी वहिवाट पडली.

मग १९६६ साली कीव्ह्ज या वनसंशोधकाने दक्षिण ऑस्ट्रेलियातील मोजण्या ताडून दाखविले, की तोडणीनंतर त्याच जमिनीत लावलेली दुसरी पिढी बऱ्याच ठिकाणी पहिलीपेक्षा सुमारे चौथ्या हिश्श्याने मागे पडते. जमीन थकली, असा एकच गलबला झाला. पुढील तपासणीत उमगले, की तोडणीनंतरचा पालापाचोळा नि फांद्या पेटवून देण्याच्या रिवाजाने नत्र धुरावाटे उडून जात होते, सेंद्रिय द्रव्य जळत होते, आणि वर तणाने कोवळ्या रोपांचे पाणी हिरावले होते. मला या प्रकरणात झाडापेक्षा काडीपेटीच अधिक दोषी वाटते. पालापाचोळा जागीच ठेवला, तण आवरले आणि नेमके खत दिले, तेव्हा दुसऱ्या पिढीने पहिलीची बरोबरी केली, काही ठिकाणी तर तिला मागेही टाकले.

उलट टोकाचे उदाहरण व्हिक्टोरियातील टुरूरच्या लागवडीत मिळाले. दशकानुदशके क्लोव्हर आणि सुपर फॉस्फेटवर पोसलेल्या कुरणांत पाइन लावले, तो ते इतके माजले की खोडे नागमोडी वळली आणि फांद्या जाड झाल्या. या दोषाला त्या लागवडीचेच नाव पडले. तेथे खताचे पोते न उघडता सरळ वाढणाऱ्या वाणाची रोपे निवडणे आणि कोवळेपणीच फांद्या छाटून आकार राखणे, एवढेच खात्याच्या हाती उरले.