ओल आणि वाळवी

पर्जन्यकाळ सरून भिंती वरकरणी कोरड्या दिसू लागल्या, म्हणजे कोकणातील जुन्या घराचा मालक निश्चिंत होतो. परंतु वास्तूच्या खऱ्या तपासणीचा काळ तोच होय. जमिनीतील वाळवीचे शरीर मऊ व पातळ त्वचेचे असल्यामुळे उघड्या, कोरड्या हवेत ती फार काळ तग धरीत नाही, आणि म्हणूनच पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी बांधीत ती जोत्यावरून लाकडापर्यंत पोहोचते.

आरंभ न्हाणीघराच्या दारापासून करावा. चौकटीचा पाय जमिनीला टेकतो तिथे बॅटरीचा झोत तिरपा टाकावा, रंगाला सुरकुत्या आल्या असतील तर पेचकसाचे टोक हलकेच दाबावे, आणि ते सहज आत गेले, तर वरचा रंगच काय तो शाबूत उरला आहे असे खुशाल समजावे. नळी फोडताच पांढरट किडे दिसले तर उपद्रव चालू असल्याचे निर्विवाद ठरते. मात्र ती रिकामी आढळली म्हणून निर्धास्त होणे योग्य नव्हे, कारण त्यांनी वाट बदललेली असू शकते. बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर तो बहुधा भुंगेऱ्याचा उद्योग, आणि त्याचा उपाय निराळा.

गळका नळ, पागोळ्यांचे पाणी, भिंतीला टेकवलेले सरपण यांचा बंदोबस्त आधी व्हावा. उभ्या इमारतींतील वाळवी-प्रतिबंधाची रीत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. औषध मारणारा तिला अनुसरून काम करणार आहे काय, हे मालकाने पैसे देण्यापूर्वी अवश्य विचारावे.