हद्दीचा दांडा आणि आकाशातील साक्षी

तराजूची दांडी कलती असेल तर माल चोख असूनही तोल खोटा ठरतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. जमिनीच्या मोजणीतही आजवर हीच गोष्ट होती. म्हणून पेढी, गोदाम वा कारखान्यासाठी भूखंड घेणाऱ्या आमच्या बंधूंसमोर या विषयाचे चार शब्द ठेवीत आहोत.

१८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या हातून जी जमीनपद्धती सुरू झाली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. १ मे १९६० पर्यंत सुरत मुंबई राज्यातच होते. त्या पद्धतीचे माप म्हणजे ३३ फुटांची साखळी. साखळीचा चौरस तो गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. आजही सर्व्हे नंबरांचे जुने नकाशे याच मापावर उभे आहेत.

आता साखळीची जागा उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या यंत्राने घेतली आहे. ठाऊक असलेल्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळाली, की उघड्या आकाशाखाली ते एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगते. परंतु दांडा सरळ धरावा लागे. दोन मीटरचा दांडा पंधरा अंश कलला, तर वरचे यंत्र टोकापासून सुमारे ५२ सेंटिमीटर सरकते! नव्या यंत्रातील कलमापक हा कल स्वतः ओळखून टोकाची जागा गणिताने काढतो. त्यामुळे भिंतीच्या कोपऱ्याशी, जेथे दांडा उभा राहूच शकत नाही, तेथेही मोजणी होते.

काही यंत्रांत कॅमेराही असतो. मोजणीदार चालत असता तो छायाचित्रे घेतो. प्रत्येक चित्राची जागा ठाऊक असल्याने, एकच खांब दोन-तीन चित्रांतून पाहून त्याचे स्थान ठरते. खाडीपलीकडील खुणेसाठी वा बंद कुंपणाआतील कोपऱ्यासाठी हे फार सोयीचे होय; मात्र दांडा टेकून घेतलेल्या बिंदूपेक्षा अचूकता कमी, आणि अंतर वाढेल तशी आणखी कमी.

तरी यंत्रावर आंधळा विश्वास नको. रिंगरोडवरील उंच मार्केटांच्या दाटीत संकेत भिंतींवर आपटून येतात, आणि पडद्यावरील आकडा नेटका दिसूनही खोटा असू शकतो. दुसरे असे की, यंत्र सांगते ती जागा. हद्द सांगतो तो दप्तर, नकाशा आणि शेजाऱ्याची संमती. साखळीच्या काळातील नकाशा व आजचा आकडा यांत फुटाचा फरक निघाला, म्हणजे शेजाऱ्याने चोरी केली असे होत नाही.

म्हणून सौद्यापूर्वी सरकारी मोजणी मागावी, शेजाऱ्यास बोलवावे, एकच बिंदू दोन वेगळ्या वेळी मोजून घ्यावा आणि ते आकडे नकाशासह कागदपत्रांत ठेवावेत. मोजणीचा खर्च एकदाच होतो; हद्दीचा तंटा मात्र पुढच्या पिढीच्या खात्यावर नावे पडतो.