पावसाळ्यात मोटारसायकलच्या मीटरमधील ओलावा : कारणे व उपाय

मुळशी तालुक्यात जून ते सप्टेंबर या काळात भरपूर पाऊस पडतो. पिरंगुट, पौड भागापेक्षा ताम्हिणी, निवे या सह्याद्रीच्या माथ्याकडील पट्ट्यात तो कितीतरी अधिक असतो. भात लावणी, खताची ने-आण, डेअरीला दूध पोचविणे ही कामे याच दिवसांत मोटारसायकलवर होतात. अशा वेळी मीटरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि वेग, पेट्रोलचा काटा, इशाऱ्याचे दिवे दिसेनासे होतात. घाटात दाट धुके असताना हे धोक्याचे आहे. शिवाय बऱ्याच गाड्यांचा मीटर दुरुस्त न होता पूर्ण संचच बदलावा लागतो. म्हणून शेतकरी बंधूंनो, मीटरमध्ये नुसती वाफ धरली आहे की पाणी शिरले आहे, हे प्रथम ओळखावे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

वाफ का धरते?

हवेत नेहमीच पाण्याची वाफ असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची १ घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरून ठेवते, तर २० अंशाला ती सुमारे १७ ग्रॅमच धरू शकते. हवा थंड झाली की जास्तीची वाफ थंड पृष्ठभागावर थेंबांच्या रूपाने जमते. पहाटे गवतावर दव पडते ते याच कारणाने.

मीटरच्या आतही हेच घडते. उन्हात उभ्या गाडीचा मीटर तापतो आणि आतील हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. त्यावर पावसाची सर आली की हवा आकसते. तापमान ५० अंशांवरून २५ अंशांवर आल्यास आतील हवेचे आकारमान सुमारे ८ टक्के कमी होते आणि तेवढी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. यासाठीच अनेक मीटरना मागील बाजूस बारीक श्वासछिद्र ठेवलेले असते. ते नसते तर हा ताण रबरी सीलवर येऊन पाणीच आत ओढले गेले असते. म्हणून नव्या गाडीच्या मीटरमध्येही थोडी वाफ दिसू शकते.

वाफ की पाणी?

१) काचेवर पातळ, एकसारखा धुरकट थर असेल व गाडी तास-दोन तास कोरड्या जागी ठेवल्यावर किंवा ऊन मिळाल्यावर तो जात असेल, तर ती साधी वाफ समजावी.

२) मोठे थेंब, तळाशी साचलेले पाणी, दोन दिवसांनंतरही न जाणारा ओलावा, अडकणारा काटा किंवा अर्धवट दिसणारे आकडे ही पाणी शिरल्याची लक्षणे आहेत.

उपाय

साध्या वाफेसाठी मीटर खोलू नये. गाडी हवेशीर छपराखाली ठेवावी, उघडीप मिळताच सकाळच्या उन्हात उभी करावी. श्वासछिद्र चिखलाने बुजले असल्यास मऊ ब्रशने साफ करावे. त्यात तार किंवा टाचणी घालू नये.

पाणी शिरले असल्यास गाडी हमीच्या मुदतीत आहे का ते पाहावे. असल्यास स्वतः न खोलता अधिकृत सेवा केंद्रात दाखवावी. मुदत संपली असल्यास जाणकार मेकॅनिककडून बॅटरीची ऋण वायर सोडवून मीटर काढून घ्यावा. कपलरच्या पिनांवर हिरवट थर असल्यास साफ करावा. मीटर हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलबरोबर एक-दोन दिवस ठेवावा. बियाणे कोरडे ठेवण्यासाठी वापरतात तेच हे जेल. बसविण्यापूर्वी काचेची चीर, कडेचे सील आणि केबल किंवा वायर आत जाते तेथील रबरी बूट तपासावा. पाणी शिरण्याची वाट बंद केली नाही, तर सुकविण्याचा उपयोग होत नाही.

मीटर बदलावाच लागला, तर जुन्या मीटरवरील किलोमीटरची नोंद पावतीवर करून घ्यावी. पुढे गाडी विकताना ती उपयोगी पडते.

हे टाळावे

* मीटर तांदळात पुरून ठेवू नये. पावसाळी हवेत तांदूळ स्वतःच ओलावा घेतो. त्याचा कोंडा मात्र मीटरमध्ये जातो.
* चुलीची धग किंवा जोराची गरम हवा देऊ नये. डिजिटल पडदा आणि प्लॅस्टिक खराब होते.
* काच रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नये. ती बहुधा प्लॅस्टिकची असते व तिला बारीक तडे जातात.
* काचेला भोक पाडू नये, तसेच श्वासछिद्र एम-सीलने बुजवू नये.

प्रतिबंधक काळजी

गाडी धुताना फवारणीच्या एचटीपी पंपाचा किंवा वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवारा मीटरवर मारू नये. पाऊस जे सील भेदू शकत नाही, ते हा फवारा सहज भेदतो. मीटर ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. मुक्कामी गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये, कारण जमिनीतून उठणारी वाफ आतच कोंडते. कागद टाकायचाच असेल, तर खालून हवा खेळती ठेवावी. गोठ्यातील दमट कोपऱ्यातही गाडी उभी करू नये.

मे महिन्यात आपण खाचरांच्या बांधांची डागडुजी करतो. त्याच वेळी मीटरचे सील, रबरी बूट व कपलर तपासून घ्यावेत. खराब झालेला रबरी बूट अल्प खर्चात बदलता येतो, भिजून निकामी झालेल्या मीटरला मात्र मोठी रक्कम मोजावी लागते.