यंत्राची गिटार, हाताची जवारी

मी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली तेव्हा आजोबा म्हणाले, "कारखान्यातल्या वाद्यात जीव कुठला?" त्यांचा तानपुरा मिरजेचा, बेळगावहून स्वतः जाऊन आणलेला. मला ते लागलं. मग मी माहिती काढायला बसलो.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५० च्या सुमारास त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. दांडी चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी बसवलेली. बिघडली की बदलता येते. त्यामुळे ती कारखान्यात भराभर बनवणंही सोपं झालं.

आज लाकूड कापतं ते संगणकावर चालणारं यंत्र. पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. फिरवतं यंत्र, पण कित्येक ठिकाणी तार बोटांनी सांभाळतो तो कारागीर. पडदे घासणं, सोल्डरिंग आणि शेवटी तारांची उंची जुळवणं, हे माणसाचंच काम.

हे ऐकून आजोबा हसले. "म्हणजे जवारी हातानंच लावतात तर! आण इकडे. आधी सूर नीट लाव."