शॅमेलिऑनची जोडी लावण्याआधी

आपल्याकडे नर आहे, मित्राकडे मादी आहे, मग जोडी लावायला काय हरकत? गिरगाव-दादरकडे परदेशी शॅमेलिऑन पाळणारी दोन घरं एकमेकांच्या ओळखीची निघाली की हा प्रश्न येतोच. उत्तर मात्र बहुतेक वेळा कुत्र्या-मांजरांच्या अनुभवावरून दिलं जातं आणि घोटाळा तिथेच होतो. माझं मत आधीच सांगून टाकणं बरं: हा निर्णय मादीच्या तब्येतीकडे पाहून घ्यायचा असतो आणि तसा घेतला तर बहुतेक घरांत उत्तर ‘नको’ असंच येईल.

त्याआधी कायद्याचं बघू. ‘गावाहून आणलाय, विकत घेतलेला नाही, म्हणजे चालतं’ असं समजणारे बरेच आहेत. आपल्याकडे झाडाझुडपांत सापडणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं, कुणाला भेट देणं, सगळाच गुन्हा. तिथे जोडीचा विचारच करायचा नाही. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला कळवायचं. घरात ठेवता येतात त्या परदेशी जाती. मुख्यतः येमेन आणि सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा रंगीत पँथर शॅमेलिऑन.

‘परदेशी जातींना कायदा लागत नाही’ हाही गैरसमजच. या जाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. 2022 च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात वेगळं प्रकरण घातलं, 2024 मध्ये त्याचे नोंदणीचे नियम आले आणि नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. नुसती ताब्याची नोंद पुरत नाही. पिल्लांचा जन्म आणि प्राणी दुसऱ्याला देणं हेही कळवावं लागतं. दोघांपैकी एकाच्या प्राण्याची नोंद नसेल तर विषय तिथेच थांबवावा.

आता जनावराकडे वळू. ‘एकटा आहे बिचारा, त्याला सोबत हवी’ हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण शॅमेलिऑनच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. हा एकट्याने राहणारा प्राणी. दुसरा नुसता समोर दिसत राहिला तरी त्याच्यावर ताण येतो, खाणं कमी होतं. दोन पिंजरे शेजारी ठेवायचे झाले तर मध्ये आडोसा लागतो. नर-मादी एकत्र येतात ती तेवढ्यापुरतीच, आणि तीही मादीची तयारी असेल तर.

ती तयारी तिच्या अंगावर दिसते. व्हेल्ड मादी राजी असेल तर तिचा हिरवा रंग उजळ आणि शांत राहतो. नको असेल किंवा पोटात आधीच अंडी असतील तर अंग गडद होतं, त्यावर पिवळे-निळे ठिपके उमटतात, ती तोंड उघडून फुत्कारते आणि अंग मागे-पुढे हलवते. नवखे लोक याला ‘रंगात आली’ म्हणतात आणि नर तसाच आत ठेवतात. प्रत्यक्षात ती त्याला हाकलत असते. शॅमेलिऑन मागच्या भिंतीशी जुळणारा रंग घेतो, या समजुतीतून ही चूक होते. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की पँथर शॅमेलिऑन त्वचेतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलून रंग बदलतो. हा रंग बव्हंशी समोरच्याला दिलेला निरोप असतो.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा समज म्हणजे ‘एकदा अंडी झाली की मादीची तब्येत सुधारते’. उलट, अंडी घालणं हेच तिच्या आयुष्यातलं मोठं संकट असतं. व्हेल्ड मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालू शकते आणि त्यांचं कॅल्शियम तिच्याच शरीरातून जातं. ती चार-सहा महिन्यांची असतानाच वयात येते, पण तेव्हा तिची स्वतःची वाढही पुरी झालेली नसते. वर्षाच्या आतल्या मादीला नर दाखवूच नये. शिवाय एका मीलनानंतर ती शुक्राणू साठवून ठेवू शकते. म्हणजे मित्राचा नर आठवडाभरात घरी परतला तरी काही महिन्यांनी पुन्हा फलित अंडी येऊ शकतात.

आणि नर नसतानाही अंडी येतात! कोंबडीसारखंच आहे हे. ‘आमची मादी एकटीच असते, आम्हाला कसली काळजी’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. अंडी घालायची वेळ झाली की ती सतत खाली उतरते, कुंडीची माती उकरून पाहते, खाणं सोडते. ओलसर, बोगदा न ढासळेल अशी माती-वाळू मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात. मग डोळे खोल जातात, ती दिवसाही डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहते. ही अवस्था दिसली की घरगुती उपाय करत बसू नये. परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे दादर-लालबागवाल्यांना जनावरांचा डॉक्टर जवळ वाटतो. तरी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवावं. ऐन वेळी शोधायला उसंत मिळत नाही.

समजा, अंडी नीट आली. ती उबायला सहा ते नऊ महिने लागतात, आणि तेही साधारण 25 ते 28 अंशांत. मुंबईचा मे महिना पाहता एवढ्या काळात खोलीचं तापमान सांभाळणं सोपं नाही. पुढे चाळीस पिल्लं निघाली तर? प्रत्येकाला दिवसाला किमान दहा बारीक किडे, म्हणजे रोज चारशे चिलटं आणि टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे. अतिनील प्रकाशाचे दिवे, कॅल्शियमची पूड, पाण्याचे फवारे हे वेगळंच. काही महिन्यांत ती एकमेकांना चावू लागतात, मग प्रत्येकाला स्वतंत्र घर लागतं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस पिंजरे कुठे मांडणार? ‘विकून टाकू’ हे उत्तर नोंदणीच्या कागदांपाशी अडतं. शिवाय विकत घेणाऱ्यांतले किती जण ते जनावर वर्षभर जगवतील, याचाही विचार करायला हवा.

‘उरलेली आरेच्या जंगलात सोडू’ असं तर चुकूनही म्हणू नये. 1972 मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर एका दुकानदाराने केनियाहून आलेले जॅक्सन्स शॅमेलिऑन, प्रवासातून सावरावेत म्हणून, परसात सोडले. ते पसरले आणि आज तिथल्या दुर्मिळ गोगलगायींना आणि किड्यांना त्यांचा धोका आहे.

पँथर पाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मादागास्करमधल्या नोसी बेचा निळसर-हिरवा नर आणि अंबिलोबेचा लाल-निळ्या पट्ट्यांचा नर लगेच ओळखता येतात, पण सगळीकडच्या माद्या मात्र फिकट तपकिरी-गुलाबी, जवळपास सारख्याच दिसतात. मित्राची मादी कुठल्या भागातली हे खात्रीने माहीत नसेल तर पिल्लांना नाव काय देणार? या भागांतल्या गटांमध्ये आनुवंशिक फरक इतका आहे की 2015 च्या एका अभ्यासाने त्यांना वेगवेगळ्या जाती मानावं असं सुचवलं.

इतकं होऊनही दोघं मित्र ठाम असतील तर आधी दोन्ही जनावरांची विष्ठा तपासून घ्यावी, कारण एका घरातले जंत दुसऱ्या घरात सहज जातात. मादी वर्षाच्या पुढची आणि धडधाकट हवी. नराला तिच्या पिंजऱ्यात पूर्ण वेळ नजरेखालीच ठेवावं आणि ती गडद झाली की लगेच काढावं. आणि ज्यांनी नको ठरवलं, त्यांनीही मादी वयात येण्याआधी एक फूटभर खोल बादली ओल्या वाळूने भरून पिंजऱ्यात ठेवावी, आणि तिला रोज पोटभर किडे घालायची सवय मोडावी. जास्त खाणाऱ्या व्हेल्ड मादीच्या पोटात अंडीही जास्त धरतात.