संस्थेचा लाईव्ह कार्यक्रम घ्यायचाय? ॲपच्या आधी शिफ्ट बघा!

मंडळाचा ऑनलाइन कार्यक्रम ठरला की सगळे आधी ॲप शोधतात. मी आधी विचारतो, वार कोणता? पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. पण विजेच्या देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. त्यामुळे नुसत्या वायफायवर विसंबू नका. फुल चार्ज फोन, पॉवर बँक आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा.

ॲप कोणतं घ्यायचं?

सगळ्यांना बोलायचं असेल तर गुगल मीट किंवा झूम. मोफत खात्यात दोन्हीकडे १०० जण बसतात. ग्रुप कॉल मीटवर ६० मिनिटं चालतो, झूमवर ४०.

लोकांनी फक्त बघायचं असेल तर यूट्यूब लाईव्ह. मोबाईलवरून लाईव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. शिवाय पहिल्यांदा ही सोय चालू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून दोन दिवस आधीच चालू करून ठेवा.

सेकंड शिफ्टवाल्यांचं काय?

१२ तासांपेक्षा कमी वेळाचं लाईव्ह यूट्यूबवर आपोआप सेव्ह होतं. 'अनलिस्टेड' ठेवलं की ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच ते बघता येतं.

आणि वर्गणी, सहल असं काही ठरवायचं असेल तर लाईव्हमध्येच हात वर करून उरकू नका. रेकॉर्डिंगची लिंक आणि पोल ग्रुपवर टाका, दुसऱ्या रात्रीपर्यंत चालू ठेवा. त्या वेळी मशीनवर उभा असलेला सभासदही वर्गणी भरतोच की!