विश्लेषण : लसी पूर्ण होईपर्यंत लॅब्राडॉरच्या पिल्लाला घरातच ठेवायचे का?

लॅब्राडॉरचे पिल्लू घरी आले की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका.’ दुसरा, ‘लवकरात लवकर बाहेरचे जग दाखवा.’ दोन्ही सल्ल्यांमागे ठोस कारणे आहेत, पण ते एकमेकांच्या विरोधात जातात. बहुतेक श्वानपालक पहिला सल्ला पाळतात आणि दुसरा विसरतात. मग चार महिन्यांचे पिल्लू खाली उतरल्यावर रिक्षाच्या आवाजाने बिथरते, वॉचमनवर भुंकते. तेच पुढे ३० किलोचे झाले की आवरेनासे होते. ‘कुणाला तरी देऊन टाकू’ ही भाषा अनेक घरांत इथूनच सुरू होते. ही कोंडी नेमकी काय आहे आणि ती कशी सोडवायची?

पिल्लू किती आठवड्यांचे असताना आणावे?

किमान ८ आठवड्यांचे. श्वान प्रजनन आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. भावंडांशी खेळतानाच पिल्लाला ‘किती जोरात चावले की समोरच्याला लागते’ हे कळते. ३५-४० दिवसांचे पिल्लू आणले तर हा धडा अर्धवट राहतो.

लस एकदाच का पुरत नाही?

पहिली लस साधारण ६ ते ८ आठवड्यांना दिली जाते. त्यानंतर दर ३ ते ४ आठवड्यांनी पुढचे डोस आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात येते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून ठरावीक अंतराने डोस द्यावे लागतात. यात सर्वांत मोठा धोका पार्वोचा. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो.

मग अडचण कुठे आहे?

पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी सहज स्वीकारतो तो काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा. या काळात जे दिसले, ऐकले, हुंगले ते त्याच्या लेखी ‘नेहमीचे’ ठरते. त्यानंतर अनोळखी गोष्टींबद्दल भीती वाढू लागते. म्हणजे लसींचे वेळापत्रक संपण्याआधीच ही खिडकी मिटू लागते. त्यामुळेच अमेरिकेतील प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये भूमिका मांडली, की पहिली लस देऊन किमान ७ दिवस झाले असतील तर योग्य काळजी घेऊन पिल्लाचे समाजीकरण सुरू करावे.

हे प्रत्यक्षात कसे करायचे?

पिल्लाला बाहेर न्या, पण जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटवर १० मिनिटे उभे राहा. रिक्षा, शाळेची मुले, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, छत्री, कुकरची शिट्टी, मिक्सर हे सगळे त्याच्या कानाडोळ्यांखालून जाऊ द्या. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर खाऊचा एक दाणा द्या. ते मागे सरकले तर ओढू नका, अंतर वाढवा. लसी पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी नेता येईल. मात्र उद्यान, भटक्या कुत्र्यांच्या जागा आणि पावसाळ्यातील साचलेले पाणी सध्या टाळा.

शी-शू आणि चावण्याचे काय?

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. ढोबळ हिशेब असा, की वयाचे महिने अधिक एक, तितकेच तास ते लघवी रोखू शकते. जागेवर केली की दोन-तीन सेकंदांत बक्षीस द्या, उशीर झाला तर त्याला संबंध कळत नाही. चुकल्यावर नाक घासल्याने फक्त तुमची भीती वाटू लागते.

दुधाचे २८ दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. तोपर्यंत चावणे सुरूच राहणार. त्यातही लॅब्राडॉर ही शिकार तोंडात धरून आणण्यासाठी जोपासलेली जात. हात चावला की खेळ थांबवा आणि तोंडात खेळणे द्या. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रिजमध्ये गार केले तरी हिरड्यांना आराम पडतो.

ते सतत भुकेले का असते?

केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की साधारण चारपैकी एका लॅब्राडॉरमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकातील एक तुकडा गायब असतो. त्यामुळे पोट भरल्याचा संदेश नीट मिळत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांकडे पाहून नव्हे, वजनकाट्यावर मोजून खायला द्या. प्रशिक्षणाचा खाऊही त्याच मापातून काढा. केवळ दूध-पोळीवर वाढणाऱ्या हाडांची गरज भागत नाही आणि डॉक्टरांना न विचारता दिलेले कॅल्शियमही हाडांना अपाय करू शकते. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांसाठी विषारी आहेत.

फ्लॅटमध्ये आणखी काय पाहावे?

लॅब्राडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार आढळतो. नॉर्वेतील २०१२ च्या एका अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये त्याची जोखीम जास्त दिसली. त्यामुळे जिन्यात उचलून न्या. दुहेरी केसांमुळे त्याला उन्हाचा त्रास होतो, म्हणून फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर ठेवा. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचे प्रमाणपत्र जवळ असू द्या.

लसीचे कार्ड बहुतेक घरांत जपून ठेवले जाते. त्याच्या मागे आणखी एक यादी लिहा : आज कोणता नवा आवाज, कोणता नवा माणूस, कोणती नवी जागा. १४ व्या आठवड्यापर्यंत दोन्ही बाजू भरत गेल्या, तर पुढची १०-१२ वर्षे त्याच्यासोबत काढणे खूप सोपे जाते.